दुसरं वाक्य

आमच्या ऑफिसात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. पाठीमागे सगळे 'सेमटाइमराव' म्हणायचे. एकदा तोंडावरच माझ्याकडून ते निसटलं आणि मी जीभ चावली, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "चालेल हो. अ‍ॅट द सेम टाइम, गिऱ्हाइकासमोर नको."

आमचं काम लिफ्ट तपासण्याचं. इमारतीवाले वर्षातून दोनदा बोलवायचे, सेमटाइमराव जाऊन लिफ्ट बघून यायचे, मी रिपोर्ट टाइप करायची आणि मालक सही करायचे. एवढं तीन माणसांचं ऑफिस, तेही तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. येणारा प्रत्येक माणूस धापा टाकत यावर विनोद करायचा आणि प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्यालाच पहिल्यांदा सुचला.

रिपोर्ट इंग्रजीत असायचा. त्यात वाक्यं दोनच. पहिलं, 'लिफ्ट समाधानकारक स्थितीत आढळली.' मग 'अ‍ॅट द सेम टाइम', आणि पुढं दुसरं वाक्य: पंख्यावर धूळ आहे, ती सवडीनं पुसावी, दिवा मिणमिणतो, तो सवडीनं बदलावा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मालकांनी त्यांना हे शिकवलं होतं. "पहिलं वाक्य गिऱ्हाइकासाठी, दुसरं कोर्टासाठी. उद्या काही झालं तर आपण सांगितलं होतं. नाही झालं तर आपण ओके दिलं होतं." सेमटाइमरावांना हे इतकं पटलं, की दुसरं कुठलं वाक्य बोलणंच ते विसरून गेले.

त्यांच्या रजेच्या अर्जात मी स्वतः वाचलंय, 'मला ताप आहे. अ‍ॅट द सेम टाइम, प्रकृतीत सुधारणा होत आहे.' मालकांनी विचारलं, अरे, मग उद्या येतोस की नाही? मालकांची आई गेली तेव्हा यांनी दोन ओळी लिहून पाठवल्या, 'फार दुःख झालं. अ‍ॅट द सेम टाइम, आपण सर्व मजेत असाल.' घरी वहिनी चहा देऊन विचारायच्या, कसा झालाय? हे म्हणायचे, छान झालाय. अ‍ॅट द सेम टाइम... आणि वहिनी पुढचं ऐकायच्या आत कप उचलून न्यायच्या.

आम्ही हसायचो. पण त्यांच्या अंगात ते भिनलं होतं ते भीतीमुळं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्यांचे वडील एका गोदामात स्टोअरकीपर होते. एकदा रजिस्टरात लिहून गेले, 'सर्व माल ठीक आहे.' चार शब्द. महिन्याभरानं आतल्या मालाला ओल लागलेली निघाली, आणि त्या चार शब्दांवर बोट ठेवून त्यांना घरी बसवलं. पुढं वडील खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि मधूनच म्हणायचे, मी तसं लिहायला नको होतं. हे तेव्हा अकरा वर्षांचे होते. ज्या वाक्यातून बाहेर पडायला वाट नाही ते वाक्य आपण जन्मात लिहायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं असावं.

आणि मी काय केलं? मी शहाणी. रोज तेच तेच बडवून बोटं दुखतात म्हणून मी एक कोरा फॉर्मच बनवून ठेवला. इमारतीचं नाव, तारीख, पहिलं वाक्य, अ‍ॅट द सेम टाइम, आणि पुढं एक रिकामी रेघ. सेमटाइमराव फक्त रेघेवरचं सांगायचे. मालक खूष झाले, म्हणाले, बाई, तुम्ही डोकेबाज आहात. मी दहा वर्षं त्या शाबासकीवर जगले. आता त्या फॉर्मची आठवण आली की माझा मलाच संताप येतो.

त्या मंगळवारी ते डोळ्यांच्या दवाखान्यातली लिफ्ट तपासून दुपारी एकच्या सुमाराला परत आले. जिना चढून आले म्हणून धाप लागली असेल असं मला वाटलं. पण बसल्यावरही धाप थांबेना. मी चहा पुढं केला. त्यांनी कप उचलला, परत ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, चौथ्या मजल्यावरचं दार उघडलं."

"मग?"

"लिफ्ट खाली होती. तळमजल्यावर."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ते सांगत गेले. जुनी लिफ्ट, प्रत्येक मजल्यावर हातानं बाजूला सरकवायचं लोखंडी दार. लिफ्ट समोर येऊन थांबल्याशिवाय ते दार उघडूच नये म्हणून आत एक आकडा असतो, रिपोर्टात त्यालाच कुलूप म्हणतात. यांनी प्रत्येक मजल्यावर मूठ धरून झटके मारून पाहिलं होतं. सगळी दारं घट्ट. मग चौथ्या मजल्यावर भिंतीला टेकून ते कागदावर खुणा करत होते. तो मजला ऑपरेशन झालेल्या पेशंटचा.

"एक आजी आल्या वॉर्डातून. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानंही धड दिसत नसणार. भिंत चाचपत आल्या. मला म्हणाल्या, लिफ्ट आली का हो? मी म्हणालो, नाही अजून. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. दाराला हात लावला. आणि दार गेलं बाजूला. सहज गेलं हो, कपाटाचं जातं तसं. समोर नुसता काळोख आणि दोर. खालून गार वारा येत होता. आणि आजींनी पाय उचलला."

"अरे देवा."

"मी दंड धरला त्यांचा. त्या माझ्यावर खेकसल्या, हात सोडा, मला दिसतंय. पाय तसाच अधांतरी. मी ओढून मागं आणलं तर सिस्टरला ओरडून सांगायला लागल्या, हा माणूस अंगचटीला येतोय. त्यांना कळलंच नाही काही. अजून कळलेलं नाही."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "घ्या बाई, फॉर्म घ्या."

मी फॉर्म लावला. रेघेपाशी थांबले. ते सांगू लागले, "चौथ्या मजल्यावरील दाराचे कुलूप सवडीने पाहून घ्यावे."

"सवडीनं?"

"बरं, 'लवकरात लवकर सोयीनुसार' घाला."

"एवढंच?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिहिलंय ना. लिहून दिलंय आपण." मी टाइप केलं. हो, मी केलं. वर पहिलं वाक्य होतंच, लिफ्ट समाधानकारक स्थितीत आढळली. मालकांनी न वाचता सही ठोकली आणि दवाखान्याचा माणूस दोन वाजता येऊन पाकीट घेऊन गेला.

पाकीट गेल्यावर त्यांना स्वस्थता वाटायला हवी होती, एरवी वाटायची. पण ते उठबस करत राहिले. मग कपाटातून दवाखान्याची फाइल काढून टेबलावर आणली. जुने रिपोर्ट एकावर एक टाचलेले. ते दुसऱ्या वाक्यांवरून बोट फिरवत गेले: धूळ, दिवा, पंख्याचा आवाज. बोट थांबलं. मी उठून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सहा महिन्यांपूर्वीची तारीख. 'अ‍ॅट द सेम टाइम, चौथ्या मजल्यावरील दाराचे कुलूप थोडे सैल वाटते, सवडीने पाहावे.'

"मी लिहिलं होतं," ते म्हणाले. आवाज असा, की दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. "सहा महिने झाले. मी लिहिलं आणि मीच विसरलो."

माझं धाबं दणाणलं. मी सरळ दवाखान्याच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर खुशीत होता. "मिळाला हो रिपोर्ट. ओके आहे ना? मग झालं."

"साहेब, दुसरं वाक्य वाचलंत का?"

"अहो बाई," तो हसला, "ते तुमचं दर वेळी असतंच की. धूळबीळ. आम्ही पहिली ओळ बघतो आणि फाइलला लावतो."

मी फोन ठेवला. काही सांगावं लागलं नाही, समोर सगळं ऐकू गेलं होतं. सेमटाइमरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकी वर्षं ते ज्याच्या आडोशाला उभे होते, तिथं आडोसाच नव्हता. दोघंही मालकांच्या खोलीत गेलो. सेमटाइमराव म्हणाले, लिफ्ट बंद करायला सांगू या.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. ते वाईट माणूस नव्हते, पण मुरलेले होते. म्हणाले, "अरे, बंद करायची लिफ्ट? बरं. कर. कागदावर लिही, दार धोकादायक आहे, लिफ्ट बंद करा. मग ते विचारतील, आजच कळलं का तुला? फाइल काढतील. सहा महिन्यांपूर्वी तुझ्याच शब्दांत, कुलूप सैल. म्हणजे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून चालू ठेवलीस. अजून कुणी पडलेलंसुद्धा नाही, आणि तू आपल्या हातानं आपला गळा कापून देतोयस."

"आणि पडलं तर?"

"तर आजचा रिपोर्ट आहे. आपण सांगितलं होतं." मालकांनी चष्मा चढवला. "दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या अकरा इमारती आपल्याकडं आहेत, हे मी बोलतच नाही. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

खरंच भल्याचं होतं. मीही मनात म्हणाले, ऐका त्यांचं. एक मेकॅनिक पाठवू गुपचूप, उद्या-परवा. घरी बायको, कॉलेजातली मुलगी, वयाची पन्नाशी उलटलेली. कोण घेणार होतं त्यांना दुसरीकडं? मला त्यांच्यासाठी भीती वाटत होती आणि त्या आजींसाठीही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सेमटाइमरावांसाठी जास्त वाटत होती. आजींना मी कधी पाहिलं नव्हतं.

ते बाहेर आले आणि माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढून उभ्याउभ्याच लिहायला लागले. पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. लिहिलं ते असं: 'चौथ्या मजल्याचं दार लिफ्ट नसताना उघडतं. लिफ्ट ताबडतोब बंद करा.' खाली सही. मग बराच वेळ पेन तसंच धरून उभे राहिले. मला वाटलं, आता पुढं काहीतरी घालतात. नाही घातलं.

"बाई, येता का बरोबर?" ते म्हणाले. "मला एकट्याला भीती वाटतेय."

रिक्षात मी घड्याळ बघत होते. पावणेचार. चारला भेटीची वेळ सुरू व्हायची, म्हणजे चौथ्या मजल्यावर वर्दळ. दवाखान्यात शिरलो तर लिफ्टपुढं रांग होती. सेमटाइमराव तिच्याकडं न बघता जिना चढले, सरळ गच्चीपर्यंत, तिथल्या मशीनच्या खोलीत जाऊन लिफ्ट खाली जाऊन थांबल्यावर मेन स्विच खाली ओढला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग चौथ्या मजल्यावर येऊन त्या दारापुढं पाठ करून उभे राहिले. खालून आरडाओरडा सुरू झालेला ऐकू येत होता.

मॅनेजर घामाघूम होऊन आला. कागद वाचला आणि भडकलाच. "दुपारी समाधानकारक, चार वाजता ताबडतोब बंद? डोकं ठिकाणावर आहे का? पेशंटना खांद्यावरून नेऊ?"

"दार उघडतं."

"उघडून दाखवा."

भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. सिस्टर, नातेवाईक, दोन-तीन पट्टीवाले पेशंट. सेमटाइमरावांनी मूठ धरून झटका मारला. दार हललं नाही. पुन्हा मारला. हललं नाही. पाय रोवून, दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन ओढलं. दार जागच्या जागी. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मॅनेजर माझ्याकडं बघून म्हणाला, "यांना घरी न्या."

त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. जन्मात एकच वाक्य असं लिहिलं, ज्याला मागचं दार नव्हतं, आणि ते वीस माणसांदेखत खोटं पडत होतं. आता म्हणतील, चूक झाली असेल. आता किल्ली काढून देतील. मीच हात पुढं करणार होते, चला म्हणायला.

"किल्ली द्या," मॅनेजर म्हणाला.

"नाही देणार," ते म्हणाले. "नाही उघडलं तरी देणार नाही."

असं म्हणून ते तिथंच घुटमळले. मग त्यांच्या मनात काय आलं, त्यांनी डोळे मिटले. गच्च मिटले. एक हात पुढं करून भिंत चाचपली, भिंतीवरून दारावर आले, मूठ धरली नाही, नुसता तळवा टेकवला. आणि हलकेच, आपण अंधारात बटण शोधतो तसा, हात बाजूला सरकवला. दार त्या हाताबरोबर सरकत गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. आकडा झिजून गोल झाला होता. झटका दिला की अडकायचा, हळू सरकवलं की वरून घसरून जायचा. डोळस माणसाला ते दार बंद होतं. पट्टीवाल्याला उघडं होतं.

खालून वारा आला. हसणारे गप्प झाले. मॅनेजर दोन पावलं मागं गेला. सेमटाइमरावांचे डोळे अजून मिटलेलेच होते आणि चपलेची टोकं कडेच्या बाहेर गेली होती. "कुणीतरी धरा मला," ते म्हणाले. "मला हलता येत नाहीये." मी त्यांचा शर्ट मागून दोन्ही मुठींत धरला आणि सिस्टरनं मला धरलं.

त्यांना बाकावर बसवल्यावर त्यांनी सिस्टरला विचारलं, "रोज किती पट्ट्या बांधता?"

"नऊ-दहा."

सहा महिने. त्यांनी हिशेब केला असणार, कारण ओठ हलले आणि मग थांबले. मी तो केला नाही. मॅनेजर स्वतः प्रत्येक मजल्यावरच्या दाराला दोरी बांधत फिरत होता.

ऑफिसात परतलो तेव्हा साडेपाच होत होते. मालकांना फोन पोचला होता. ते दारातच उभे होते. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले.

"येणार," सेमटाइमराव म्हणाले. "फायली वाचून होईपर्यंत येणार. मग खुशाल काढा."

"कुठल्या फायली?"

त्यांनी कपाट उघडलं. एकशे चाळीस इमारती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्याच्या फाइलमध्ये जे होतं, ते त्या एकाच फाइलमध्ये कशाला असेल? मालकही कपाटाकडं बघत राहिले, आणि मग एक खुर्ची ओढून आमच्यात बसले. आम्ही तिघांनी गठ्ठे वाटून घेतले. पहिलं वाक्य सोडायचं, दुसरं मोठ्यानं वाचायचं. धूळ. धूळ. दिवा. आरसा फुटका. पंखा. धूळ. प्रत्येक धुळीला आम्ही सुटकेचा श्वास टाकत होतो.

सहावी का सातवी फाइल मी उघडली. सात मजली इमारत, राहती घरं. पत्ता मी डोळे मिटून सांगितला असता. माझी थोरली बहीण तिथं राहते. तो रिपोर्ट मीच टाइप केला होता आणि मीच ताईला मोठ्या ऐटीत फोन करून सांगितलं होतं, तुमची लिफ्ट ओके आहे बरं का. आता दुसरं वाक्य वाचलं. 'अ‍ॅट द सेम टाइम, थांबल्यावर लिफ्ट किंचित खाली सरकते. ब्रेक सवडीने पाहावा.' तारीख दीड वर्षापूर्वीची. पुढच्या दोन रिपोर्टांत नुसती धूळ.

मला वाचून दाखवता येईना. सेमटाइमरावांनी कागद माझ्या हातून घेतला, वाचला आणि फोन माझ्याकडं सरकवला. मी ताईला लावला.

"बोल गं," ताई म्हणाली. "पटकन बोल. बाजारातून आलेय, दोन्ही हातांत पिशव्या आहेत, फोन मानेत धरलाय. लिफ्टशी उभी आहे."

"ताई, लिफ्टमध्ये जाऊ नकोस."

"का? बंद आहे का?"

"तुमची लिफ्ट थांबल्यावर खाली सरकते का गं?"

"ती होय?" ताई हसली. "ती तर केव्हाची सरकते. आधी बोटभर सरकायची, आता चांगली गुडघ्याइतकी सरकते. आम्ही सगळे ती सरकायच्या आत उडी मारूनच उतरतो. वरच्या मजल्यावरची पोरं तर मुद्दाम..." मागं लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला. "आली बघ. वर जाऊन करते तुला फोन."

"ताई!" मी ओरडले. पलीकडून नुसतं खरखरलं आणि बंद झालं. त्या लिफ्टमध्ये रेंज जाते, मला माहीत आहे, ताईचा फोन दर वेळी तिथंच तुटतो. सेमटाइमराव तोवर चपला घालून जिन्यापाशी पोचले होते, आणि मालक गाडीची किल्ली शोधत होते.